आत्याबाईसकट सगळा माल

सांगली, २४ नोव्हेंबर

धवल,

'प्रिय' लिहू की नको यात दोन कागद वाया गेले, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. माझा नंबर तू ब्लॉक केलायस. तुझ्या दाजींच्या, वरदच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. पत्र फाडशील फार तर, पण फाडायच्या आधी वाचशील, कारण लहानपणापासून भोचक आहेस. पत्ता तुझ्या बायकोनं, श्रद्धानं दिला. तिला बोलू नकोस, बिचारीच्या मी फार मागे लागले होते.

मुद्द्याचं सांगते. अण्णांना सुई ओवता येईनाशी झालीय. उजवा हात सारखा थरथरतो. डॉक्टर कंपवात म्हणाले, गोळ्या चालू आहेत. परवा कर्णाचा अंगरखा तासगावच्या गॅदरिंगला जायचा होता. कॉलरच्या आत खुणेचा दोरा पडल्याशिवाय आपल्या ड्रेपरीतून नाटकाचा कपडा भाड्यानं बाहेर जात नाही. आजोबांचा काळा, अण्णांचा पिवळा, तुझा हिरवा, आणि ज्याचा दोरा त्याची जबाबदारी, हे तुला मी काय सांगायचं. अण्णा पिवळी रीळ घेऊन बसले. बसलेच. शेवटी म्हणाले, "तू ओवून दे, घालतो मी." मी ओवून दिली. टाका काही पडला नाही. मग माझ्याकडे न बघता अंगरखा माझ्या मांडीवर ठेवला आणि पान आणायला म्हणून बाहेर गेले. पान त्यांनी कधीच सोडलंय.

त्यात धैर्यशील नावाचा एक माणूस खेपा घालतोय. लग्नाबिग्नाचे इव्हेंट करतो म्हणे. स्वतःसाठी घेत नाही, साताऱ्यात कुणी पार्टी आहे, त्यांना दुकानातला सगळा माल एकदम हवाय. मुकुट, दाढ्या, शेले, गदा, सगळं. तुझी आत्याबाईसुद्धा जाणार बघ त्यात. मुकुटांच्या त्या पेटीचं झाकण मिटत नाही म्हणून तू पाचवीत असताना तिला हे नाव ठेवलंस, आणि खऱ्या आत्याच्या कानावर जाईल म्हणून अण्णांनी ते कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही. आता आत्या गेली, पेटी राहिली.

अण्णांनी परवा जाहीर केलं. पाचगणीच्या शाळेचा माल परत आला की नाताळच्या दिवशी निकाल लावायचा. म्हणाले, "तोवर धवल आला तर दुकान धवलचं. न्हाई आला तर इकून मोकळा होतो." मी तिथंच काजं करत बसले होते. तिसरं नाव काही निघालं नाही. निघायचं कारणही नाही म्हणा. मी रोज विश्रामबागेतून स्कूटीवर येणारी आणि दिवेलागणीला परत जाणारी.

तर ये. राग गिळ आणि ये. अण्णांची फार इच्छा आहे.

चारूताई

सांगली, ४ डिसेंबर

धवल,

श्रद्धाचा निरोप मिळाला. 'ते बघू म्हणालेत.' बघू म्हणजे काय रे? गिऱ्हाइकाला आपण बघू म्हणतो तेव्हा द्यायचं नसतं.

राग मला कळतो. तीन वर्षांपूर्वी तू मुंबईहून ते चकचकीत तयार सांताचे ड्रेस आणलेस, एकदा घातले की शिवण उसवणारे, आणि अण्णा भडकले. भडकले ते ठीक. पण चार गिऱ्हाइकांसमोर कात्री घेऊन एकेका कपड्यातून तुझा हिरवा दोरा उसवायला नको होता. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, तू गेल्यावर का होईना. ते त्या रात्री जेवले नाहीत.

तुला माहीत नसेल ते सांगते. तो सगळा हिरवा मी परत घातलाय. पुढच्याच आठवड्यात, एकेका कॉलरमध्ये. आणि तू गेल्यापासून जे जे नवीन शिवलं, त्यालाही हिरवाच घालते. अण्णांना वाटतं तुझाच जुना माल चाललाय. मग मी कुठला घालणार होते? मला रंग नाही. दहावी झाल्यावर मागितला होता. अण्णा हसून म्हणाले, "तुला कशाला गं, सासरी जाऊन काय दोरं घालणार हायस?" सासर कुठं, तर स्कूटीवरून वीस मिनिटांवर.

असो. पाचगणीची गडबड सुरू झालीय. यंदा २२ तारखेला आहे, शाळा सुट्टी लागायच्या आधी नाताळ उरकून घेते. मेंढपाळांचे कपडे मी नवीन केले. तुला आठवतं का, पहिल्या वर्षी त्यांच्या मिसनी 'शेफर्ड' सांगितले आणि अण्णांनी सरळ घोंगडी, तांबडं मुंडासं आणि काठी देऊन धनगर पाठवले? मिस आधी बघत राहिल्या आणि मग इतक्या खूश झाल्या की आजतागायत त्या शाळेत बाळ येशूच्या दर्शनाला आटपाडीचे धनगर जातात. पूर्वेकडच्या तीन राजांपैकी एकाच्या डोक्यावर दुर्योधनाचा मुकुट असतो. त्यांना चालतं.

सांता कोण होणार याचा पेच आहे. इतकी वर्षं अण्णाच झाले. 'हो हो हो' म्हणायचं सोडून 'व्हय व्हय व्हय' म्हणतात म्हणून पोरं त्यांच्यावर जीव टाकतात. यंदा घंटी धरली तर आपोआप वाजत राहते. त्यांनी कोट काढून, ब्रश करून, दारामागं टांगलाय. तुझ्या उंचीचा आहे तो, ते मला सांगायची गरज नाही.

ये. म्हणजे यायला हवंस.

चारूताई

सांगली, ११ डिसेंबर

धवल,

आज फार लिहीत नाही.

धैर्यशील माल बघायला आला होता. चांगला वागला. चपला बाहेर काढल्या, अण्णांच्या पाया पडला. एकेक फडताळ उघडून बघितलं, मोबाइलवर फोटो काढले, कुठंतरी पाठवले. मधेच फोन आला की बाहेर जाऊन बोलायचा आणि आत येऊन नेमकं विचारायचा. कृष्णाचा तो निळा शेला हाय का अजून? वरच्या फळीवर मागच्या बाजूला असंल बघा. होता. मागच्या बाजूलाच होता.

निघताना अण्णांना म्हणाला, "ठरलं तर एकाच फेरीत न्हेतो बघा. आत्याबाईसकट सगळा माल."

मी चहा गाळत होते. गाळणी कपाच्या बाहेर गेली आणि चहा ओट्यावर सांडला. अण्णांनी बशी खाली ठेवली. पार्टीचं नाव काय म्हणालात, असं विचारलं. तो म्हणाला, नंतर सांगतो अण्णा, सायेब जरा लाजरे हायत.

तो गेल्यावर अण्णा नेहमीसारखे आडवे झाले. मी ओटा पुसला. मी पेटीवर जाऊन बसले थोडा वेळ, झाकण मिटतं का बघायला. नाही मिटलं.

तुझी नोकरी कशी चाललीय? साताऱ्याच्या एमआयडीसीत कुठल्या कंपनीत आहेस ते तू कधी नीट सांगितलंच नाहीस. सांगशील?

चारूताई

सातारा स्टँड, १६ डिसेंबर

धवल,

बाकावर बसून लिहितेय, अक्षर वाकडं येईल. सांगली गाडीला अजून वेळ आहे. पाकीट, पोस्टाचं तिकीट इथंच घेऊन टाकते, म्हणजे उद्या तुझ्या हातात पडेल. खरं तर तासाभरापूर्वी तोंडानंच बोलून झालं असतं.

तुझ्या दारात आले होते, हे तुला माहीतच आहे. श्रद्धानं पाणी दिलं. 'ते घरी नाहीत' म्हणाली. बोलताना मान वर करत नव्हती. खोटं बोलायची सवय नाही गं तुला, असं मी म्हणाले तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या चपला दारातच होत्या. डाव्या चपलेचा अंगठा शिवून घेतलाय, आणि आतल्या खोलीतला पंखा चालू होता. डिसेंबरात.

मग तिनंच खालचा गाळा उघडून दाखवला. मी मागितलं नव्हतं. बहुतेक तिला कुणाला तरी दाखवायचंच होतं. नवी कोरी फडताळं, अण्णांच्याच मापाची. मुकुटांना खाचा पाडलेल्या फळ्या. कोपऱ्यात खाली एक मोठी जागा रिकामी सोडलेली. तिथं काय येणार ते विचारायची मला गरज पडली नाही. बोर्ड अजून भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. तो मी उलटून बघितला नाही. तुझा मान राखला म्हण.

म्हणजे साताऱ्याची लाजरी पार्टी तू.

का रे? मागितलं असतंस तर अण्णांनी दिलं असतं. दुकान, माल, आशीर्वाद, सगळं. ते तर वाटच बघतायत. श्रद्धा म्हणाली, "ते म्हणतात, अण्णा परक्याला देतील पण मला देणार न्हाईत." मी तुला पत्रावर पत्र लिहून सांगत होते ना, तू आलास तर तुझंच आहे म्हणून? वाचलीस ना पत्रं? वाचलीस. 'बघू' असा निरोप आला, म्हणजे पत्रं पोचलीच होती. म्हणजे तुला दुकान नकोय. तुला कपडे हवेत, आणि अण्णांच्या समोर न येता हवेत. त्यांनी तुझे दोरे उसवले, आता तू त्यांचे उसवणार. साताऱ्यात नेऊन बसून पिवळा काढणार आहेस का एकेकातून? मी घातलेला हिरवा तरी ठेवशील की तोही?

मला इतका राग आलाय की इथली कॅन्टीनची भजीसुद्धा गिळवली नाहीत.

आता ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्याला, वरदलासुद्धा नाही. दुकान मला हवंय. मला. मला ते नेहमीच हवं होतं. मला दाढीला डिंक किती लावायचा ते कळतं, शेल्याची जर काळी पडू नये म्हणून काय करायचं ते कळतं, कुठल्या शाळेच्या बाईंना आदल्या दिवशी फोन करावा लागतो आणि कुठल्या आपण होऊन माल धुऊन परत देतात ते कळतं. मी तिथं मदतीला जात नाही रे. मी तिथं जगते. आणि तुला 'ये, ये' लिहिताना दर वेळी मनात यायचं, की हा खरंच आला तर?

अण्णांना तुझं काही सांगणार नाही. त्यांना झेपायचं नाही. तू काय करायचं ते कर. गाडी लागली.

चारू

सांगली, २६ डिसेंबर

धवल,

धैर्यशीलनं तुला सांगितलं असेलच. पण त्याला अर्धंच माहीत आहे, म्हणून लिहिते.

२२ तारखेला पाचगणीला गेलो. केरबाचा टेम्पो नेहमीचाच. तू येशील म्हणून अण्णा आदल्या संध्याकाळपर्यंत कोट टांगूनच ठेवत होते. शेवटी मीच तो दारामागून काढला, खांद्याला चिमटे घेऊन बारीक केला, पोटावर उशी बांधली. अण्णा नको म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. तिथं शाल पांघरून पहिल्या रांगेत बसले, प्रेक्षक म्हणून पहिल्यांदाच. धनगर आले, दुर्योधन आला, बाळाला नमस्कार झाले. मग मी घंटी घेऊन गेले. आवाज जाड काढला, चालही जमली, आणि पुढच्या ओळीतली एक चिमुरडी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "सांता, तुम्ही बांगड्या का घातल्यात?"

हातातल्या बांगड्या काढायच्या राहिल्या होत्या. इतकी वर्षं दुसऱ्यांचे कपडे तपासून पाठवते, दुर्योधनाच्या मनगटात घड्याळ राहिलं तर ओरडते, आणि मीच बांगड्या घालून सांता. हॉल नुसता हसत सुटला. मला दुसरं काही सुचेना, म्हणून म्हणाले, "व्हय व्हय व्हय." अण्णा इतके हसले की मिसनी त्यांना पाणी आणून दिलं. कित्येक महिन्यांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं.

त्या हसण्यानं मला धीर आला. येताना पसरणी घाटात, केरबा गाणी लावून बसलेला, आम्ही दोघं त्याच्या शेजारी दाटीनं, तेव्हा मी सांगून टाकलं. अण्णा, दुकान मला द्या.

 वाईचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते म्हणाले, "धवल यायचा हाय."

मी म्हणाले, तो येणार नाही. त्यावर काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. म्हणाले, "आत्याबाई म्हणाला तवाच वळखलं मी. पोरगंच घ्यायलंय. म्हटलं, न्हेऊ दे सगळं. माल न्यायला तरी दारात येईल."

कळलं का तुला? मी तुझं गुपित सांभाळत होते आणि ते माझ्यापासून सांभाळत होते. तू एकदा दारात यावंस म्हणून ते सगळं दुकान देऊन टाकायला निघाले होते. मी शेजारी सांताची दाढी मांडीवर घेऊन बसले होते. मी मागितलेलं त्यांना ऐकू आलं होतं. तरीही.

काल दुपारी धैर्यशील टेम्पो घेऊन आला. अण्णांनी सकाळीच दाढी केली होती, टोपी घातली होती, मला शिरा करायला लावला होता, तुला आवडतो तसा जास्त तुपाचा. आणि मी, धवल, शिरा ढवळत देवाला म्हणत होते, तो नको येऊ दे. हे लिहिताना लाज वाटते पण तसंच म्हणत होते.

अण्णा बाहेर गेले. केबिनमध्ये वाकून बघितलं. ड्रायव्हरच होता. मग टेम्पोच्या मागं गेले आणि ताडपत्रीचा कोपरा वर केला. आत दोऱ्या आणि रिकामी पोती. तसाच तो कोपरा धरून उभे राहिले. मी दारात होते. तू आला नाहीस म्हणून मला आनंद झाला होता, खरंच झाला होता, आणि त्यांची ती पाठ बघून तो कुठल्या कुठे गेला.

"मागं कोण न्हाई?" त्यांनी विचारलं.

धैर्यशील म्हणाला, न्हाई अण्णा, आमीच दोघं.

"मग माल बी न्हाई."

एवढंच. त्याला शिरा खायला घातला आणि रिकाम्या टेम्पोनं परत पाठवलं. त्याची काही चूक नव्हती, तूही त्याच्यावर रागावू नकोस.

संध्याकाळी पाचगणीचा माल पेट्यांत भरत होतो. अण्णांनी मेंढपाळाची नवी बंडी उचलली, कॉलर उलटी केली. नवं कोरं कापड आणि आत हिरवा. मग दुसरी. मग तिसरी. माझ्याकडे बघितलं.  रिळांचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "हिरवा त्याच्या कपड्यांस्नी ऱ्हाऊ दे. तुझ्या कपड्यांस्नी तुझा घाल." मी म्हटलं, माझा कुठला? तर म्हणाले, "मला काय इचारतीस? मालकीण तू."

मी जांभळा घेतला. तो डब्यात कुणी न वापरलेला होता म्हणून, दुसरं काही नाही.

मला वाटलं होतं की दुकान मिळालं तर मी नाचेन. तसं झालं नाही. तू काल आला असतास तर ते तुला मिळालं असतं. तू आला नाहीस म्हणून मला मिळालं. मी बसून दोरे घालते आणि हेच डोक्यात फिरत राहतं. राग कुणावर धरू? त्यांच्यावर धरवत नाही. तुझ्यावर धरते तर पंख्याचा आवाज आठवतो, दाराआड बसलेला तू दिसतोस.

दुकान मी सोडणार नाही, हेही सांगून ठेवते. कुणाच्या दयेनं मिळालं तरी आता ते माझं आहे. तुझ्या गाळ्यात तू तुझं चालव. फडताळं चांगली केलीयस. अडीनडीला मुकुट लागला तर माझ्याकडून भाड्यानं घेऊन जा, बाकीच्यांसारखा अर्ज-विनंत्या करून. तू स्वतः शिवलेले कपडे मी वेगळे काढलेत. ते आत्याबाईत भरून, झाकणाला दोरी बांधून ठेवलीय. पाठवणार नाही. न्यायला यावं लागेल.

आधीच्या पत्रांत 'ये' लिहिलं ते अण्णांच्या वतीनं होतं आणि माझ्या मनाविरुद्ध होतं. हे माझं मी लिहितेय. ये. अण्णा आज सकाळपासून दोनदा बाहेर जाऊन आलेत. रस्त्यावर टेम्पो थांबल्याचा आवाज आला की उठतात. दोन्ही वेळेला शेजारच्या किराणा दुकानात माल उतरत होता.

चारू